पांघरा पेशी, खा पेशी!

सोलापुरी चादर अंगावर ओढलीत, की तुम्ही कोट्यवधी पेशी पांघरता! कापसाचा एकेक तंतू म्हणजे एकच पेशी. सरकीच्या सालीवर सर्वांत बाहेर पेशींचा एक थर असतो. त्यातल्या साधारण दर चार पेशींमागे एक, फूल उमलतं त्याच सुमारास लांबायला लागते. दोन-तीन आठवड्यांत अडीच-तीन सेंटिमीटर! म्हणजे रुंदीच्या हजारपटीहून जास्त, तेही एकदाही विभाजन न होता. मग आतून सेल्युलोजचे थर चढतात, पेशी मरते, बोंड फुटतं, तंतू वाळून चपटा होतो आणि त्याला पीळ पडतो. या पिळामुळेच तंतू एकमेकांना धरून राहतात आणि सूत कातता येतं. सोलापूरचे माग चालतात ते या पिळावर.

१६६५ साली रॉबर्ट हूकने बुचाच्या कापात पाहिल्या त्याही मेलेल्याच पेशी, नुसते रिकामे कप्पे. जिवंत एकपेशीय जीव दाखवले ते डेल्फ्टच्या लेवेनहूकने, आणि हा गृहस्थ होता चक्क कापडाचा व्यापारी! कापडवाले सुताची वीण भिंगाखाली तपासायचे. याने स्वतः भिंगं घासली आणि तळ्याचं पाणी पाहिलं, दातांवरचं कीटणही. सोलापूरच्या चाटी गल्लीतल्या कापडवाल्यांनी याचा फोटो लावायला हरकत नाही.

पुढे दीडशेहून जास्त वर्षं गाडी संथ. १८३८मध्ये वनस्पतिशास्त्रज्ञ श्लायडेन म्हणाला, वनस्पती पेशींच्या बनलेल्या असतात. १८३९मध्ये श्वान म्हणाला, प्राणीही. दोघांचे धागे जुळले ते एकत्र जेवताना. नवी पेशी कुठून येते, हे मात्र दोघांचंही चुकलं. ती जुन्या पेशीच्या विभाजनातून येते, हे रॉबर्ट रेमाकने दाखवलं. नाव झालं फिर्खो या शास्त्रज्ञाचं, १८५५च्या त्याच्या लेखामुळे. रेमाकवर हा अन्यायच.

आता सोलापूरचं डाळिंब. दाण्यातला रस असतो कुठे? बीच्या सालीवरच्या बाहेरच्या लांबट पेशींत. म्हणजे सरकीवर तंतू उगवतो, अगदी त्याच जागी! कापसाच्या पेशीने भिंत जाड केली, डाळिंबाच्या पेशीने रिक्तिका, म्हणजे पेशीतली पिशवी, रसाने आणि लाल रंगाने भरली. सोलापूरचं नाव गाजवणाऱ्या दोन्ही गोष्टी बीच्या सालीतून आल्या, याचं मला भारी कौतुक वाटतं.

या पेशी दृश्यकेंद्रकी, म्हणजे डीएनए पटलाच्या आत, केंद्रकात. दुसरा प्रकार आदिकेंद्रकी, त्यात केंद्रकच नाही. डाळिंब बागायतदाराची झोप उडवणारा तेल्या रोग याच गटातला एक जिवाणू आणतो. पावसाच्या थेंबांबरोबर तो उडतो आणि पानांच्या रंध्रांतून, जखमांतून आत शिरतो. सोलापूरजवळ केगावला २००५मध्ये स्थापन झालेलं राष्ट्रीय डाळिंब संशोधन केंद्र आहे. तेल्या हा तिथल्या संशोधनाचा मोठा विषय. बागेत तर छाटणीची कात्रीसुद्धा पुढच्या झाडाला लावण्याआधी सोडियम हायपोक्लोराइटच्या द्रावणात बुडवायची असते.