विश्लेषण : एकाच डब्यात पाच संचांचे ठोकळे! ते वेगळे कसे करायचे, एकत्र कसे जोडायचे?

दिवाळीची साफसफाई निघाली, की नागपुरातल्या अनेक घरांत माळ्यावरून एक डबा खाली येतो. सीताबर्डीतून घेतलेला एक संच, वाढदिवसाला आलेला दुसरा, मावसभावाने दिलेला तिसरा. सगळे ठोकळे एकत्र झालेले आणि खोकी केव्हाच रद्दीत गेलेली. काही तुकडे एकमेकांत बसत नाहीत, म्हणून अख्खा डबाच दुसऱ्याला दिला जातो. प्रत्यक्षात त्यातले बरेच ठोकळे एकत्र वापरता येतात. त्यासाठी आधी माप ओळखावे लागते.

वेगवेगळ्या कंपन्यांचे ठोकळे एकमेकांत का बसतात?

डेन्मार्कच्या लेगो कंपनीने २८ जानेवारी १९५८ रोजी आजच्या ठोकळ्याच्या पेटंटसाठी अर्ज केला. वर गोल उंचवटे आणि आत पोकळ नळ्या, ही त्याची रचना. त्या पेटंटची मुदत संपल्यावर इतर कंपन्याही त्याच मापाचे ठोकळे बनवू लागल्या. ठोकळ्याचा आकार हा ट्रेडमार्क मानावा, ही लेगोची मागणी युरोपीय न्यायालयाने २०१० मध्ये फेटाळली. म्हणून कंपन्या वेगळ्या असूनही अनेक ठोकळ्यांचे माप एकच असते.

माप कसे ओळखायचे?

कंपास पेटीतली पट्टी पुरते. शेजारच्या दोन उंचवट्यांच्या मध्यांतले अंतर ८ मिलिमीटर भरले, तर तो नेहमीच्या मापाचा ठोकळा. त्याची उंची, उंचवटा सोडून, ९.६ मिलिमीटर असते. चपटी पट्टी ३.२ मिलिमीटरची; म्हणजे तीन पट्ट्या एकावर एक ठेवल्या, की एक ठोकळा. लहानग्यांसाठीच्या ड्युप्लोत प्रत्येक माप दुप्पट असते, म्हणजे अंतर १६ मिलिमीटर. दोन्हींत न बसणारे तुकडे तिसऱ्या पिशवीत टाकावेत.

कोणता तुकडा कोणत्या कंपनीचा?

लेगोच्या प्रत्येक उंचवट्यावर कंपनीचे नाव कोरलेले असते. अनेक तुकड्यांवर, बहुधा आतल्या बाजूने, बारीक क्रमांकही असतो. उदाहरणार्थ, आठ उंचवट्यांच्या ठोकळ्याचा क्रमांक ३००१. मोबाइलच्या टॉर्चने तो दिसतो आणि इंटरनेटवर शोधल्यास तुकड्याची माहिती मिळते.

रंगाने वेगळे करावे की आकाराने?

आकाराने. लाल ठोकळ्यांच्या ढिगात चाकाचा छोटा लाल आस शोधणे कठीण जाते. तेच वेगवेगळ्या रंगांच्या आसांतून लाल आस लगेच दिसतो. आधी मोठे ठोकळे, पट्ट्या, चाके-आस, खिडक्या-दारे आणि माणसे असे पाच डबे करावेत. एखादा डबा भरला, तरच त्यातले रंग वेगळे करावेत.

एकत्र जोडताना काय पाहावे?

माप सारखे असले, तरी पकड सारखी नसते. दोन ठोकळे जोडून उलटे धरावेत. खालचा गळून पडला, तर तो सैल आहे. असे सैल ठोकळे सजावटीला वर वापरावेत, घट्ट ठोकळे पायात. नेहमीचे ठोकळे ड्युप्लोवर बसतात, त्यामुळे मोठ्या इमारतीचा पाया ड्युप्लोचा करता येतो. ‘रिब्रिकेबल’ या संकेतस्थळावर आपल्याकडचे लेगो संच नोंदवले, की त्यांतून आणखी काय बनेल ते कळते.

जुने ठोकळे धुवायचे कसे?

कोमट पाणी आणि सौम्य साबण वापरावा. पाणी ४० अंश सेल्सिअसपेक्षा गरम नको, असे लेगो सांगते. मे महिन्यात नागपूरचे तापमानच ४५ अंशांवर जाते. तेव्हा ठोकळे गच्चीवर उन्हात न ठेवता घरात पंख्याखाली वाळवावेत.

घरात लहान बाळ असेल तर?

मग मापानुसार डबे वेगळे ठेवण्याला पर्याय नाही. छोटा तुकडा घशात अडकू शकतो. तीन वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांची चाचणी ३१.७ मिलिमीटर व्यासाच्या नळकांड्याने होते. त्यात पूर्ण मावणारा तुकडा धोक्याचा मानतात. नेहमीच्या मापाचे बहुतेक तुकडे त्यात सहज मावतात. म्हणून ते झाकणाच्या डब्यात, उंचावर ठेवावेत. नवा संच घेताना आयएसआय चिन्ह पाहावे. १ जानेवारी २०२१ पासून भारतात १४ वर्षांखालील मुलांच्या खेळण्यांना ते बंधनकारक आहे.

नवा संच घ्यायलाच हवा का?

आठ उंचवट्यांचे एकाच रंगाचे फक्त सहा ठोकळे ९१ कोटी ५१ लाख ३ हजार ७६५ प्रकारे जोडता येतात. माळ्यावरच्या डब्यात तर शेकडो असतात.