बारीक माणसाला ‘शुगर’ का होते?

‘शुगर हा खात्यापित्या घरचा आजार, आपण तर राबून खाणारी माणसं.’ चिखली तालुक्यातील वस्त्यांवर काम करताना हे वाक्य आम्ही वारंवार ऐकतो. या समजापायी तपासणी राहून जाते आणि पायाची जखम चिघळली की मग दवाखाना आठवतो.

बाबासाहेबांनाही मधुमेह होता. अखेरच्या वर्षांत या आजाराने आणि पायांच्या दुखण्याने त्यांचे शरीर खंगले होते. तशा प्रकृतीत त्यांनी 14 ऑक्टोबर 1956 रोजी नागपुरात लाखोंना धम्मदीक्षा दिली. त्यांचे अनुयायी म्हणून तरी हा आजार आपण समजून घेतला पाहिजे.

पुण्याच्या केईएम रुग्णालयातील डॉ. चित्तरंजन याज्ञिक हे इंग्लंडमध्ये ऑक्सफर्डला संशोधन करून मायदेशी परतलेले मधुमेहतज्ज्ञ. 2004 साली त्यांनी आणि ब्रिटिश सहकारी जॉन युडकिन यांनी ‘लॅन्सेट’ या वैद्यकीय नियतकालिकात दोघांचीच तुलना छापली. उंचीच्या मानाने वजन, म्हणजे बीएमआय, दोघांचाही 22.3 होता. शरीरातील चरबी मात्र युडकिन यांची 9.1 टक्के, तर याज्ञिक यांची 21.2 टक्के निघाली. बाहेरून बारीक दिसणाऱ्या शरीरातही चरबी साठलेली असू शकते.

याचे मूळ आईच्या पोटात आहे. पुण्याजवळच्या सहा गावांत 1993 पासून गरोदर बायांचा अभ्यास झाला. तिथली बाळे इंग्लंडमधील बाळांपेक्षा वजनाने बरीच कमी भरली. पण त्यांच्यात स्नायू कमी आणि चरबी त्या मानाने जास्त होती. आईचे कुपोषण लेकराच्या शरीरात उतरते आणि पुढे मधुमेहाचा धोका वाढवते, अशी याज्ञिक यांची मांडणी आहे. ज्यांच्या आज्या-पणज्या अर्धपोटी राबल्या, त्या समाजाने हे विशेष ध्यानात घ्यावे, असे आम्हाला वाटते.

संप्रेरकांचे तज्ज्ञ डॉक्टर मोठ्या शहरांत बसतात. तिकडे जायचे म्हणजे एक दिवसाची मजुरी बुडते, वर गाडीभाडे. इथे दूरवैद्यक सेवा उपयोगी पडते. सरकारची ‘ई-संजीवनी’ मोफत आहे. आरोग्य उपकेंद्रातील समुदाय आरोग्य अधिकारी व्हिडिओवरून रुग्णाला डॉक्टरांशी जोडून देतात. पण पडद्यावरून पायाची नस चाचपता येत नाही की डोळ्याचा पडदा तपासता येत नाही. त्यासाठी रुग्णालयात जावेच लागते.

तिशी ओलांडलेल्यांची मधुमेह तपासणी सरकारी केंद्रात मोफत होते. उपाशीपोटी साखर 126 किंवा त्याहून जास्त आली, तर पुन्हा तपासून खात्री करावी. पुरुषाची कंबर 90 सेंटिमीटर आणि बाईची 80 सेंटिमीटरच्या पुढे गेली, तर सावध व्हावे.

आजारी भिक्खूला तथागतांनी स्वतःच्या हातांनी अंघोळ घातली होती. येत्या पौर्णिमेला विहारात वंदना झाली की तरुणांनी एक यादी करावी: आपल्या वस्तीत तिशीपुढचे किती जण आहेत आणि त्यांपैकी किती जणांची तपासणी राहिली आहे? मग त्यांना सोबत घेऊन उपकेंद्र गाठावे.

जय भीम, नमो बुद्धाय!