माथेरान : डोंगरावरचे गाव आणि ते वाहून नेणारी माणसे

मुंबईच्या कष्टकरी वस्तीतल्या माणसाला थंड हवेचे ठिकाण म्हटले की ते शेठ-सावकारांचे, आपले नव्हे, असेच वाटते. माथेरानची गोष्ट थोडी निराळी आहे. कर्जतच्या लोकलचे तिकीट काढून नेरळला उतरले की डोंगर समोरच उभा. अनेक कुटुंबे एका दिवसात जाऊन येतात. पॉइंट बघतात, चिक्की घेतात, माकडांपासून डबा वाचवतात आणि संध्याकाळच्या गाडीने परततात. पण वर कायमची वस्ती आहे, त्या वस्तीला इतिहास आहे, आणि त्या माणसांच्या रोजीरोटीचा प्रश्न थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत गेला आहे. म्हणून या वेळी आम्ही माथेरानची माहिती देत आहोत.

माथेरान रायगड जिल्ह्याच्या कर्जत तालुक्यात आहे. समुद्रसपाटीपासून उंची सुमारे ८०० मीटर. सह्याद्रीच्या मुख्य रांगेपासून सुटा पडलेला हा सपाट माथ्याचा डोंगर आहे. खाली काळा कातळ आणि वर जांभा दगडाचे टोपण, म्हणून वरची सगळी माती तांबडी. एक दिवस चालले की चपला, विजारी, साडीचे काठ सगळे तांबडे होते. माथ्यावर जांभूळ, हिरडा, अंजन अशी दाट झाडी आहे. माथ्यावरचे रान म्हणून माथेरान, असा नावाचा अर्थ लोक सांगतात. पाऊस धो धो पडतो, पण सगळे पाणी कड्यावरून खाली जाते. शार्लोट तलाव बांधून ते अडवले, तेव्हा गावाला पाणी मिळाले.

पुस्तकात वाचाल तर माथेरानचा ‘शोध’ १८५० साली लागला. ठाण्याचा कलेक्टर ह्यू मॅलेट त्या वर्षीच्या मे महिन्यात चौकच्या बाजूने वर चढला. हवा आवडली आणि त्याने घर बांधले. पुढे मुंबईचा गव्हर्नर लॉर्ड एल्फिन्स्टन आला आणि साहेबांचे बंगले उठू लागले. शोध लागला हा शब्द आम्हाला पटत नाही. ठाकर, कातकरी आणि धनगर हे लोक या डोंगराच्या अंगाखांद्यावर आधीपासून राहत होते. लाकूडफाटा, मध, हिरडा यांसाठी त्यांची पावले रोज वर पडत होती. साहेबाला ज्या वाटेने वर जाता आले, ती वाट त्यांच्याच पायांनी पडलेली होती. गार्बट, मलंग, रामबाग ही जुनी नावे टिकली हे बरे झाले. बाकीच्या बऱ्याच पॉइंटांना लुईझा, अलेक्झांडर अशी नावे मिळाली.

मग आली छोटी गाडी. मुंबईचे उद्योगपती सर आदमजी पीरभॉय यांच्या घराण्याने स्वतःचा पैसा घालून ही रेल्वे बांधली. त्यांचे पुत्र अब्दुल हुसेन यांनी ते काम तडीस नेले. १९०४ साली काम सुरू झाले आणि १९०७ साली गाडी धावू लागली. दोन रुळांतले अंतर फक्त दोन फूट, लांबी सुमारे २१ किलोमीटर, आणि वळणे इतकी की पुढच्या डब्यातला माणूस मागच्या डब्यातल्याला हात दाखवू शकतो. खर्च १६ लाख रुपये झाला. पैसा पीरभॉय यांचा खरा, पण घाटातला खडक फोडला तो मजुरांनी. २००५ च्या महापुरात हा मार्ग उखडला, तो २००७ साली पुन्हा सुरू झाला. २०१६ साली डबे घसरल्यामुळे गाडी थांबली आणि २०१८ साली परत निघाली. २०१९ च्या पावसाने मार्ग पुन्हा वाहून नेला, तो २०२२ पर्यंत बंदच राहिला.

या गावाने एक मोठा माणूस दिला. विठ्ठल लक्ष्मण कोतवाल, म्हणजेच वीर भाई कोतवाल. जन्म १ डिसेंबर १९१२, माथेरानच्या एका नाभिक कुटुंबात. घरची गरिबी असताना मुलगा वकील झाला. माथेरान नगरपालिकेचा उपाध्यक्ष झाला. पण खुर्चीत बसून राहिला नाही. सावकाराच्या विळख्यात सापडलेल्या खालच्या शेतकऱ्यांसाठी त्यांनी धान्याच्या पेढ्या काढल्या, गावोगाव शाळा चालवल्या. १९४२ च्या लढ्यात आझाद दस्ता उभारून मुंबईला वीज नेणारे मनोरे पाडले. २ जानेवारी १९४३ रोजी सिद्धगडच्या जंगलात पोलिसांच्या गोळीने ते आणि त्यांचे साथी हिराजी पाटील शहीद झाले. भाईंचे वय अवघे तीस. माथेरानला जाणाऱ्या मुलांना पॉइंटांच्या नावांबरोबर हे नावही सांगावे.

आता लोकसंख्या. २००१ च्या जनगणनेत माथेरानमध्ये ५,१३९ माणसे होती, २०११ मध्ये ४,३९३. म्हणजे दहा वर्षांत ७४६ कमी. आम्ही कारकून, वजाबाकी करण्याची आमची सवय जात नाही. देशात सगळीकडे माणसे वाढत असताना हे गाव आटले. एवढ्याशा वस्तीला १९०५ पासून स्वतःची नगरपालिका आहे. २००३ साली केंद्र सरकारने माथेरान आणि भोवतालचा २१४ चौरस किलोमीटरचा प्रदेश पर्यावरणाच्या दृष्टीने संवेदनशील ठरवला, त्यामुळे नवे बांधकाम आणि कारखाने यांवर बंधने आली. झाडे वाचली, ही चांगलीच गोष्ट आहे. पण कारखाना नाही, शेती नाही, तर पोट भरायचे ते पर्यटकावरच.

मोटारीला दस्तुरी नाक्याच्या पुढे बंदी आहे. रुग्णवाहिका आणि आगीचा बंब सोडला तर इंजिनाचे वाहन आत येत नसे. हवा स्वच्छ राहते म्हणून या बंदीचे सगळे कौतुक करतात. पण मोटार नाही म्हणून ओझे काही कमी होत नाही, ते माणसाच्या अंगावर येते. नाक्यापासून बाजारापर्यंत अडीच-तीन किलोमीटर चढउताराची वाट. सिमेंटची गोणी, गॅसचा सिलिंडर, हॉटेलचा भाजीपाला, पर्यटकाची पेटी, हे सगळे हमालाच्या डोक्यावर, घोड्याच्या पाठीवर किंवा हातगाडीवर. पायथ्याच्या वाड्यांतल्या आदिवासी बायका डोक्यावर भारे घेऊन डोंगर चढतात. आणि हातरिक्षा! एक माणूस पुढे दांड्यात, दोघे मागून रेटणारे, आत बसलेला गिऱ्हाईक. पावसात, चिखलात, उतारावर छाती फुटेस्तोवर रिक्षा आवरायची. माणसाने माणसाला ओढायचे, हे चित्र आपल्या समाजाला नव्याने समजावून सांगायला नको.

या रिक्षावाल्यांचीच मागणी होती की आम्हाला विजेवर चालणारी रिक्षा द्या. मे २०२२ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने प्रायोगिक परवानगी दिली आणि डिसेंबरमध्ये सात ई-रिक्षा सुरू झाल्या. वृद्धांची आणि शाळकरी मुलांची सोय झाली. घोडेवाल्यांनी मात्र विरोध केला. त्यांच्याही पोटाचा प्रश्न आहे, त्यांना शत्रू समजणे बरोबर नाही.

अखेर ६ ऑगस्ट २०२५ रोजी तत्कालीन सरन्यायाधीश भूषण गवई यांच्या खंडपीठाने निकाल दिला. माणसाने ओढायची रिक्षा सहा महिन्यांत बंद करा, असा आदेश झाला. स्वातंत्र्याला ७८ आणि संविधानाला ७५ वर्षे झाल्यावरही ही प्रथा चालू राहणे म्हणजे सामाजिक व आर्थिक न्यायाच्या वचनाचा भंग आहे, असे न्यायालयाने बजावले. सायकलरिक्षा ओढणाऱ्यांबद्दल १९८० साली न्यायालय बोलले होते, त्याला ४५ वर्षे उलटल्याचेही ध्यानात आणून दिले. ई-रिक्षा शासनाने विकत घ्यायच्या आणि रिक्षा ओढणाऱ्यांना भाड्याने चालवायला द्यायच्या. त्यातून उरल्या तर परिसरातील आदिवासी महिला आणि इतर गरजूंना. पैसा नाही ही सबब चालणार नाही.

निकालातली महत्त्वाची ओळ आमच्या मते यादीची आहे. खरे रिक्षा ओढणारे कोण, हे जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालील समितीने ठरवायचे. अशा याद्यांत परवाना एकाच्या नावावर आणि दांडा दुसऱ्याच्या हातात, असा प्रकार कुठेही घडू शकतो. मागून रेटणाऱ्या दोघांची नावे कागदावर आहेत का, हे तिथल्या कार्यकर्त्यांनी तपासून घ्यावे.

सहलीला जाणाऱ्या कुटुंबांसाठी थोडेसे. पावसाळ्यात नेरळहून छोटी गाडी बंद असते, फक्त अमन लॉज ते माथेरान एवढीच फेरी चालते. नेरळ ते दस्तुरी टॅक्सीने जाता येते. नाक्यावर नगरपालिकेचा प्रवेश कर भरावा लागतो. सामान जड असेल तर हमालाचा दर आधी विचारून घ्यावा आणि मग त्यात घासाघीस करू नये.