यंत्राचा दिलासा आणि पारखीचा तराजू

सातपाटीच्या बंदरात पापलेट तोलल्याशिवाय आणि त्याची प्रतवारी लावल्याशिवाय भाव ठरत नाही. विद्यार्थ्यांच्या मनःस्वास्थ्याचा भार उचलू पाहणाऱ्या कृत्रिम बुद्धिमत्तेच्या संवादयंत्रांना शाळेत प्रवेश देताना हाच न्याय लावावयास हवा.

गरज खरी आहे. राष्ट्रीय गुन्हे नोंद विभागाच्या आकडेवारीनुसार २०२२ साली देशात तेरा हजारांहून अधिक विद्यार्थ्यांनी आत्महत्या केली. त्या यादीत महाराष्ट्र अग्रस्थानी होता. शंभर वा अधिक विद्यार्थी असलेल्या शिक्षणसंस्थांनी किमान एक प्रशिक्षित समुपदेशक नेमावा, असा निर्देश सर्वोच्च न्यायालयाने जुलै २०२५ मध्ये दिला. परंतु समुपदेशकाला वेतन द्यावे लागते. यंत्र स्वस्त पडते. धोका येथेच आहे. पूरक म्हणून आणलेली वस्तू पाहता पाहता पर्याय होऊन बसते.

या यंत्रांचा गुण येत नाही, असे नाही. २०१७ साली अमेरिकेत 'वोबॉट'ची चाचणी झाली, तेव्हा नैराश्याची लक्षणे काहीशी उतरली. मात्र ती चाचणी अवघ्या सत्तर जणांवर, दोन आठवड्यांची होती आणि ते सारे १८ ते २८ वयाचे होते. ज्या मुलीचा बाप दिवसचे दिवस समुद्रावर असतो आणि जिच्या घरी मांगेली बोलली जाते, त्या नववीतल्या मुलीविषयी त्यावरून काय सिद्ध होते? शिवाय जून २०२५ अखेर ते 'वोबॉट'ही बंद झाले. ज्यावर मुलाने विसंबावे, ते उद्या असेल याची हमी कोणाची?

किती मुलांनी यंत्र वापरले, हा आकडा यशाचे माप नव्हे. लहान पिल्ले उपसली तरी जाळ्याचे वजन भरते. समुद्राची प्रकृती त्यावरून कळत नाही. यंत्र असलेल्या व नसलेल्या सारख्याच शाळांची तुलना हवी, आणि ती विक्रेत्याने नव्हे, तटस्थ परीक्षकाने करावी. ऑक्टोबर २०२२ पासून चालू असलेल्या 'टेली-मानस'च्या १४४१६ या विनामूल्य सेवेपेक्षा यंत्र अधिक काय देते, हेही तपासावे. मध्यरात्री एखाद्या मुलाने जीव नकोसा झाल्याचे लिहिले, तर तो निरोप कोणत्या माणसापर्यंत पोहोचतो? २०२३ चा विदा संरक्षण कायदा अठरा वर्षांखालील मुलांसाठी पालकांची संमती आवश्यक मानतो. ती समजावून घेतली जाते, की नुसती सही उरकली जाते?

या प्रश्नांची लेखी उत्तरे मिळेपर्यंत शाळेने पैसा यंत्रावर न घालता समुपदेशकावर घालावा. दोन गावांच्या शाळांनी मिळून एक नेमला तरी चालेल. सहकाराचा धडा सातपाटीला नव्याने शिकवावा लागणार नाही.