जर्मनीत शिकायला जाताय? आधी पोळ्या शिका
जर्मनीत शिकायला जायचं तर व्हिसासाठी साधारण वर्षाचे ११,९०४ युरो खास खात्यात ठेवावे लागतात. पैसे आपलेच, पण तिथं महिन्याला ९९२ युरोच हातात पडतात. खोलीभाडं, विमा, किराणा सगळं त्यात. घरी कधी चहाही न केलेला तिशीतला गडी इथंच अडतो. रोज बाहेर खाल्लं की पंधरवड्यात खिसा रिकामा. तेव्हा वरणभात, पोळ्या इथूनच शिकून जावं, लाज कसली? रविवारी बहुतेक दुकानं बंद, त्यामुळं भाजी शनिवारीच आणायची. राहायला गेल्यावर दोन आठवड्यांत पत्त्याची नोंदही स्वतःच करायची. नोकरीला परवानगी आहे, पण वर्षाला १४० पूर्ण दिवसच. उरलं घरून मागवणं, तर इकडं उसाचं बिल निघालेलं असावं लागतं.