पेट्रोलमधले इथेनॉल

आपल्या चंद्रपूरच्या पेट्रोल पंपावर कधी थांबलात तर तेथे 'ई-२०' अशी अक्षरे दिसतात का ते पाहा. 'ई' म्हणजे इथेनॉल आणि २० म्हणजे शेकडा वीस. तुमचे वडील किंवा काका गाडीत दहा लिटर पेट्रोल भरून घेतात, तेव्हा त्यांतले सुमारे दोन लिटर इथेनॉल असते. पैसे मात्र ते दहा लिटर पेट्रोलचेच मोजतात. हे इथेनॉल येते कोठून, ते पेट्रोलमध्ये का मिसळतात आणि रोजच्या वापरातल्या गाडीवर त्याचा काय परिणाम होतो, हे या पाठात पाहू.

इथेनॉल हा अल्कोहोलचा एक प्रकार आहे. 'अल्कोहोल' हा शब्द तुम्हांला परका वाटू नये. तो मूळचा अरबी 'अल्-कुहल'. कुहल म्हणजे सुरमा. युरोपात गेल्यावर हा शब्द आधी कोणत्याही बारीक पुडीसाठी, मग कोणत्याही शुद्ध अर्कासाठी आणि शेवटी दारूतल्या अर्कासाठी वापरला जाऊ लागला. डोळ्यांतला सुरमा असा फिरत फिरत गाडीच्या टाकीपर्यंत पोहोचला!

वर्गात हा विषय निघाला की एक प्रश्न हमखास येतो : "सर, म्हणजे गाडी दारू पिते का?" मुले हसतात, पण प्रश्न हसण्यावारी नेण्यासारखा नाही. दारूत नशा आणणारे रसायन ते हेच. गडचिरोली जिल्ह्यात १९९३ पासून दारूबंदी आहे. चंद्रपूर जिल्ह्यातही २०१५ पासून २०२१ पर्यंत ती होती. तरीही दोन्ही जिल्ह्यांतल्या पंपांवर इथेनॉल मिसळलेले पेट्रोल विकले जाते. त्यात काही विसंगती नाही. पेट्रोलमध्ये मिसळलेले इथेनॉल हे इंधन आहे, आणि पोटात गेले तर ते विष आहे.

इथेनॉल तयार कसे होते, हे आपल्या भागातल्या लोकांना वेगळे सांगायला नको. मोहाची वाळलेली फुले पाण्यात भिजवून ठेवली की त्यांतली साखर आंबते. आंबलेले पाणी तापवले की वाफ निघते आणि ती वाफ थंड केली की अर्क मिळतो. यालाच विज्ञानाच्या पुस्तकात ऊर्ध्वपातन म्हणतात. कारखान्यात होते तेही हेच, फक्त फार मोठ्या प्रमाणावर आणि मोहाऐवजी उसाचा रस, साखर कारखान्यातली मळी, मका किंवा तांदूळ वापरून. मका आणि तांदूळ यांत साखर नसते, पिठूळ पदार्थ असतो. म्हणून आधी त्याची साखर करून घ्यावी लागते.

परंतु एक अडचण येते. कितीही वेळा ऊर्ध्वपातन केले तरी अर्कात शेकडा पाचच्या आसपास पाणी राहतेच. त्या टप्प्यावर इथेनॉल आणि पाणी एकत्रच उकळतात, वेगळे होत नाहीत. हे उरलेले पाणी काढण्यासाठी एका खास पदार्थाचे खडे वापरतात. त्या खड्यांना इतकी सूक्ष्म छिद्रे असतात की पाण्याचे रेणू आत शिरून अडकतात आणि इथेनॉलचे मोठे रेणू बाहेरच राहतात. अशा रीतीने इथेनॉल जवळजवळ पूर्ण कोरडे केले जाते. मगच ते तेल कंपन्यांच्या आगारात पेट्रोलमध्ये मिसळतात.

एवढा खटाटोप कशासाठी? पाणी आणि पेट्रोल एकमेकांत मिसळत नाहीत, हे तुम्हांला ठाऊक आहे. इथेनॉल मात्र दोघांचाही मित्र आहे. ते पेट्रोलमध्ये विरघळते आणि पाण्यातही. पण त्याची ओढ पाण्याकडे अधिक. टाकीत थोडेसे पाणी गेले तर ते मिश्रणात सामावून जाते. पाणी जास्त झाले, तर इथेनॉल पेट्रोलला सोडून पाण्याशी हातमिळवणी करते आणि दोघांचा जड थर टाकीच्या तळाशी बसतो. गाडी इंधन ओढते ते तळाकडूनच. मग इंजिन धक्के खाते आणि बंद पडते. हवा थंड झाली की मिश्रणाची पाणी सामावून घेण्याची शक्ती आणखी कमी होते. आपल्याकडचा पाऊस कसा असतो, हे मी सांगायला हवे का? ज्या गाडीच्या टाकीचे झाकण नीट बसत नाही, ती अर्ध्या टाकीनिशी महिनाभर अंगणात भिजत उभी ठेवू नये.

काही लोक औषधाच्या किंवा प्रयोगशाळेतल्या स्पिरिटची बाटली आणून स्वतःच टाकीत ओततात. असे कधीही करू नये. त्या स्पिरिटमध्ये पाणी असते. शिवाय इथेनॉलची ज्योत फिकट निळसर असते. भर उन्हात ती दिसतही नाही. हात भाजल्यावरच आग लागली आहे हे कळते.

आता गाडीकडे वळू. इथेनॉलच्या रेणूत कार्बन आणि हायड्रोजन यांच्याबरोबर ऑक्सिजनही असतो, म्हणून त्याला जळायला बाहेरची हवा कमी लागते. नव्या गाड्यांत धुरातला ऑक्सिजन मोजणारे एक उपकरण असते. त्याच्या सांगण्यावरून गाडीतला छोटा संगणक इंधनाचा फवारा कमीजास्त करतो. जुन्या कार्ब्युरेटरच्या गाडीला ही अक्कल नाही. तिच्यात हवा जास्त आणि इंधन कमी असे मिश्रण जाते. ती सकाळी लवकर सुरू होत नाही, चढावर कुरकुरते. जुन्या गाड्यांतल्या काही रबरी नळ्या इथेनॉलमुळे फुगतात किंवा चिरतात. टाकीत वर्षानुवर्षे साचलेला गाळ सुटतो आणि गाळणीत अडकतो. मेकॅनिककडे जाऊन इंधनाची नळी व गाळणी बदलून घेणे हा त्यावरचा साधा उपाय आहे. एप्रिल २०२३ पासून बनलेल्या गाड्यांचे भाग ई-२० ला टिकतील असेच केलेले आहेत. इथेनॉलचा एक गुणही सांगितला पाहिजे : त्यामुळे इंधनाचा ऑक्टेन अंक वाढतो, म्हणजे इंजिनात इंधन अवेळी पेटून ठोके बसत नाहीत.

पण गाडीवाल्यांची खरी तक्रार मायलेजची आहे, आणि ती हिशेबाने तपासता येते. एक लिटर पेट्रोल जळून शंभर भाग उष्णता मिळते असे धरा. एक लिटर इथेनॉलपासून सुमारे छासष्ट भागच मिळतात. तर शेकडा ८० पेट्रोल आणि २० इथेनॉल यांच्या एक लिटर मिश्रणापासून ८० अधिक सुमारे १३, म्हणजे ९३ भाग मिळतील. सात भाग कमी झाले. नीती आयोगाच्या २०२१ सालच्या अहवालातही असेच लिहिले आहे : जुन्या बनावटीच्या मोटारींचे मायलेज शेकडा ६ ते ७ कमी होईल, आणि नव्या इंधनासाठी जुळवून घेतलेल्या मोटारींचे १ ते २. चंद्रपूरहून मूलमार्गे गडचिरोली सुमारे ८० किलोमीटर आहे. जाऊन येऊन १६०. लिटरला १६ किलोमीटर जाणाऱ्या जुन्या गाडीला पूर्वी १० लिटर पेट्रोल लागत असेल, तर आता पाऊण लिटरच्या आसपास जास्त लागेल. एका फेरीत हे जाणवणार नाही. रोज भाडे मारणाऱ्या चालकाला महिनाअखेरीस जाणवेल. त्याची तक्रार खोटी नाही.

मग सरकार हे का करते? देशाला लागणाऱ्या कच्च्या तेलापैकी शेकडा ८५ हून अधिक तेल परदेशातून विकत आणावे लागते. इथेनॉल आपल्या शेतात पिकते आणि त्याचा पैसा देशातच राहतो. या प्रयोगाची सुरुवात २००१ मध्ये झाली, आणि ज्या तीन ठिकाणी ती झाली त्यांतली दोन महाराष्ट्रातली होती : मिरज आणि मनमाड. दोन्ही ठिकाणे साखर कारखान्यांच्या पट्ट्याजवळची. तिसरे उत्तर प्रदेशात बरेलीजवळचे आंवला. जानेवारी २००३ मध्ये नऊ राज्यांत शेकडा ५ इथेनॉल मिसळायचे ठरले. त्यानंतर बरीच वर्षे काम रेंगाळले. २०२२ च्या जूनमध्ये प्रमाण शेकडा १० झाले, फेब्रुवारी २०२३ मध्ये ई-२० ची विक्री सुरू झाली आणि २०२५ मध्ये देशभर शेकडा २० पर्यंत मजल गेली. इथेनॉलविरहित पेट्रोलही ग्राहकाला मिळावे, अशी एक याचिका सर्वोच्च न्यायालयाने १ सप्टेंबर २०२५ रोजी फेटाळली. ब्राझीलमध्ये १९७५ पासून हा कार्यक्रम चालू आहे; तेथे पंपावर मिश्रण वेगळे आणि नुसते इथेनॉल वेगळे मिळते, आणि दोन्हींवर चालणाऱ्या गाड्या २००३ पासून विकल्या जातात. निवड गाडीवाल्याची. मला ही पद्धत अधिक बरी वाटते.

यापेक्षा अवघड प्रश्न धान्याचा आहे. मूल, सिंदेवाही, ब्रह्मपुरी हे आपले धानाचे तालुके. एक टन तांदळापासून सुमारे ४५० लिटर इथेनॉल मिळते. ४० लिटरच्या टाकीत ८ लिटर इथेनॉल मावते. ते सगळे तांदळाचे असेल, तर त्यासाठी जवळजवळ १८ किलो तांदूळ लागला. रेशनवर माणशी महिन्याला ५ किलो धान्य मिळते. एकदा टाकी भरणे म्हणजे साडेतीन माणसांचे महिन्याचे धान्य! अर्थात सगळे इथेनॉल तांदळाचे नसते. अलीकडे मक्याचा वाटा मोठा आहे, आणि फुटका तांदूळही वापरतात. उसाचेही असेच आहे. डिसेंबर २०२३ मध्ये साखर कमी पडेल या भीतीने सरकारने उसाच्या रसापासून इथेनॉल करण्यावर बंधन घातले होते. ऊस कमी झाला की टाकी आणि चहाचा कप यांच्यात भांडण लागते.

यातून सुटण्याचा एक मार्ग शोधला जात आहे : धान्याऐवजी काडीकचऱ्यापासून इथेनॉल करणे. ऑगस्ट २०२२ मध्ये हरियाणातील पानिपत येथे धानाच्या तणसापासून इथेनॉल करणाऱ्या कारखान्याचे उद्घाटन झाले. सप्टेंबर २०२५ मध्ये आसाममधील नुमालीगड येथे बांबूपासून इथेनॉल करणाऱ्या कारखान्याचे उद्घाटन झाले. तणस आणि बांबू, दोन्ही आपल्याकडे भरपूर. पण पानिपतकडे शेतकरी तणस शेतातच जाळत होते, म्हणून ते कारखान्याला देणे त्यांना सोयीचे झाले. आपल्याकडे तणस गुरे खातात, आणि बांबूवर बुरुडांचे हात चालतात.