युनिटमागे वाटीभर राख

विजेचं बिल आलं की आपण आधी काय बघतो? रकमेचा आकडा! मग घरात चौकशी सुरू होते. बाथरूमचा दिवा कोणी चालू ठेवला, रिकाम्या खोलीत पंखा कोणासाठी फिरत होता, वगैरे. या वेळी बिल हातात आलं की जरा ‘युनिट’ या शब्दापाशी थांबा. दोन हजार वॉटचा गिझर अर्धा तास चालला की एक युनिट होतं. कोळशावरच्या वीज केंद्रात हे एक युनिट तयार करायला साधारण ६०० ते ७०० ग्रॅम कोळसा जाळावा लागतो. आपल्या देशी कोळशात राख भारी, शंभरात तीस-चाळीस भाग. म्हणजे आपल्या गरम पाण्यामागे कुठेतरी वाटीभर राख उरते. त्यातही कोळशातली जेमतेम एक तृतीयांश उष्णता वीज होऊन घरी येते, बाकीची तिथेच वाया जाते. दोन तृतीयांश दूध उतू गेलं असतं तर आपल्याला झोप आली असती का?

मुलांच्या पुस्तकात याला ‘अनवीकरणीय ऊर्जास्रोत’ असं जडजंबाल नाव असतं. आपल्या भाषेत सांगायचं तर एकदा रिकामी झाली की परत न भरणारी कोठी. कोळसा, खनिज तेल, नैसर्गिक वायू हे त्यातले. तारापूरच्या अणुकेंद्रात १९६९ पासून वापरतात ते युरेनियमसुद्धा त्यातलंच. आमच्या विदर्भातला वर्धा खोऱ्यातला कोळसा पंचवीस कोटी वर्षांहून जुना आहे. तो साठायला एवढा काळ लागला आणि उपसण्याचं काम आपण चार-सहा पिढ्यांतच उरकत आणलंय.

पुस्तकात मग फायदे आणि तोटे असे दोन रकाने असतात. मुलं ते पाठ करतात नि पेपरात लिहून मोकळी होतात. पण त्यातला फायद्यांचा रकाना बाईमाणसाला पाठ करावा लागत नाही. ओल्या लाकडांवर फुंकणीने फुंकून डोळे लाल झालेली आई-आजी आपल्यातल्या कित्येकींनी पाहिली आहे. जन्मात कधी विडी न ओढलेल्या बायकांना दम्यासारखा आजार कशाने जडतो, तर या धुराने. त्यानंतर रॉकेलचा स्टोव्ह आला. रेशनच्या दुकानापुढे डबे घेऊन रांगा, पिन करणं, वातींची काजळी... आणि ‘स्टोव्हच्या भडक्याने विवाहिता भाजली’ ही पेपरातली नेहमीची बातमी. ते सगळेच भडके अपघाताचे नसत, हे मी वेगळं सांगायला नको.

या सगळ्यातून सोडवलं ते गॅसने. मुंबईच्या पश्चिमेला समुद्रात १९७४ साली ‘बॉम्बे हाय’चं तेल सापडलं. तिथला वायू समुद्राखालच्या नळांमधून उरणला येतो आणि त्यातून स्वयंपाकाचा गॅसही वेगळा काढतात. या गॅसला स्वतःचा वासच नसतो बरं का! गळती कळावी म्हणून तो उग्र वास मुद्दाम मिसळलेला असतो. २०१६ साली उज्ज्वला योजना आली आणि ज्यांनी सिलिंडर फक्त शेजारी पाहिला होता, अशा कोट्यवधी घरांत शेगडी पोचली. चूल सुटली म्हणजे नुसता धूर सुटत नाही, सरपणाची पायपीटही सुटते. आमच्या चंद्रपूर जिल्ह्यात सरपणाला, तेंदूपानाला जंगलात गेलेल्या बायांवर वाघाचे हल्ले होतात. तिथे सिलिंडर हा चैनीचा विषय नाही.

मात्र उज्ज्वलाच्या घरात वर्षाकाठी सरासरी चार-साडेचार सिलिंडरच लागतात. ते संपले की पुन्हा चूल. आपण वापरतो त्यातला साधारण साठ टक्के गॅस परदेशातून, मुख्यतः आखाती देशांतून येतो. तिकडे काही बिनसलं की त्याची झळ इकडे वस्तीतल्या बाईच्या चुलीपर्यंत येते.

विजेचंही तेच. २००५ नंतरची काही वर्षं आठवा. खेडोपाडी बारा-बारा तास भारनियमन, पिठाची गिरणी बंद, दहावीचा अभ्यास कंदिलावर. सूर्य मावळतो, वारा पडतो, पण कोळशाचं केंद्र रात्रीही चालतं. हा फायदा नाकारणं म्हणजे कृतघ्नपणा होईल.

पण ती वाटीभर राख जाते कुठे? काही सिमेंट-विटांच्या कामी येते. उरलेली पाण्यात कालवून केंद्राजवळच्या तलावात साठवतात. जुलै २०२२ मध्ये नागपूरजवळ खसाळा इथे कोराडीच्या राखेच्या तलावाचा बांध पावसात फुटला आणि राखेचा गाळ शेतांत, नाल्यांत पसरला. त्याच वर्षी ऑगस्टमध्ये घुग्गुसला वस्तीतलं एक घर बघता बघता जमिनीत गडप झालं. खाली जुनी भूमिगत कोळसा खाण होती. घरातली माणसं वेळेवर बाहेर पडली म्हणून वाचली. चंद्रपूरचं औष्णिक केंद्र २९२० मेगावॉटचं, राज्यातल्या सगळ्यात मोठ्या केंद्रांपैकी एक. वीज साऱ्या महाराष्ट्राला आणि राख मात्र गावाला!

बचत गटाच्या कामासाठी मी अशाच एका केंद्राजवळच्या वस्तीत जाते. तिथल्या बाया पापड-कुरडया छान करतात. उन्हाळ्यात विदर्भात उन्हाला काय तोटा? पण वाळवण अंगणात टाकता येत नाही. “ताई, सकाळी पांढरं टाकलं का संध्याकाळी करडं होते,” एक मावशी म्हणाल्या. म्हणून त्या बंद खोलीत, पंख्याखाली वाळवतात. म्हणजे राख टाळायला वीज आणि वीज आली की आणखी राख! माल नीट वाळला नाही की बुरशी धरतो, मग गिऱ्हाईक परत करतं. एक वर्ष गटाचा कर्जाचा हप्ता त्यापायीच थकला होता. पुस्तकातल्या तोट्यांच्या रकान्यात हे कुठेच सापडणार नाही.

या बायांना ‘वीज वाचवा’ म्हणून सांगायला माझी तरी जीभ रेटत नाही. त्यांच्याकडे वाचवायला आहे काय? दोन दिवे नि एक पंखा. हिशेब करायचा तो माझ्यासारखीने, जिच्या घरी गिझर, एसी, वॉशिंग मशीन सगळं आहे. एसी अठराऐवजी चोवीसवर ठेवला, बादलीपुरतं पाणी तापलं की बटण बंद केलं, डाळ भिजवून कुकरला लावली, तरी महिन्याला बरीच युनिटं वाचतात. छत स्वतःचं असेल तर सौर पॅनेलचा विचार जरूर करावा. २०२४ च्या पीएम सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटला ७८ हजारांपर्यंत अनुदान ठरवलं होतं. भाड्याच्या घरात राहणाऱ्यांना मात्र त्याचा उपयोग नाही, ही अडचण कोणी फारशी बोलत नाही.

वस्तीतल्या बाया आमच्यासाठी थांबलेल्या नाहीत. राखेच्या नि कोळशाच्या ट्रकवर ताडपत्री घाला, म्हणून त्यांनी ग्रामसभेत अर्ज दिला. पहिल्या सभेला कोणी लक्ष दिलं नाही. दुसऱ्या सभेला त्या करडे पडलेले पापड ताटात घेऊन गेल्या आणि “खाऊन दाखवा” म्हणाल्या. आता दिवसाच्या गाड्यांवर ताडपत्री असते. रात्रीच्या गाड्या अजून उघड्याच जातात, म्हणून पुढच्या सभेचा अर्ज लिहायला त्यांनी मला बोलावलंय.